तोतलाडोह भरलं, टेलचं काय?

शंकरनगर चौकातली टपरी, तर्रीपोहे, आणि बंडूभाऊंचा हिशेब. "तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा 1017 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. गव्हाच्या एका पाळीला साडेसात सेंटीमीटर पाणी, म्हणजे हेक्टरी 750 घनमीटर. एका दलघमीत 1333 हेक्टर ओलीत. वाटेत 40 टक्के झिरपलं तरी 800. धरण भरलं न, मग बोंब कायची?"

"नागपूरचे नळ अन् कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं कोणाच्या खात्यातून पितात, भाऊ?" गजूनं टोकलं. ते वजा झालंच. पण सुधाकरचा मुद्दा वेगळाच होता.

"धरणातलं पाणी अन् टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं, पाणी एकच समजून रायले तुम्ही. कालव्यात पाणी ताशी दोनेक किलोमीटर चालते. 50 किलोमीटरवरच्या टेलला एक दिवस-रात. कालवा कोरडा असला तर आधी भेगा पितात, मग दोन-तीन दिवस धरा. तेवढ्यात अवकाळी आला, तर गेट लावूनही वाटेतलं पाणी माघारी जाते का? एस्केपमधून, म्हणजे जादा पाणी सोडायच्या दारातून, नाल्यात. अन् रातचं? डुकरं, साप, जानेवारीची थंडी. ओलिताला कोणी जात नाही, शेताकडं पाणी सोडणारं आउटलेट मात्र चालूच."

"मग?"

"30 लिटर सेकंदाचं आउटलेट बारा तासांत 1296 घनमीटर सोडते. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं, एकास एक उतार धरून, 2196 घनमीटर घेते. रातचं सारं मावते, वर 900 ची जागा उरते."

बंडूभाऊ हार मानणारे नव्हेत. "मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर उडते बे. मुरमात प्लास्टिकची फिल्म नाही टाकली तर रातचं पाणी सकाळी शेजाऱ्याच्या विहिरीत. अन् कालव्याचा गाळ?"

"गाळासाठी तोंडाशी कुंडी, ती दर पाळीनंतर उपसा. अन् मेपर्यंत ठेवायचं कोणाले आहे? रातभर भरा, दिवसा रिकामं करा. एका दिवसात उडून उडून नऊ घनमीटर उडन."

इथे सुधाकरचं पारडं जड होतं. मोठ्या मापात हेच चालतं: गोसीखुर्दचा उजवा कालवा 99 किलोमीटर चालून सावली तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावात उतरतो, तिथून पुढचं वाटप. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव तर शेताच्या उशाशीच आहेत. (गाळानं अर्धे भरलेत, हा वेगळा तमाशा.)

मग बंडूभाऊंनी नेमकं दुखतं बोट दाबलं. "तळ्याचं पाणी नऊ आर, बांधासकट बारा आर. सातबारा कोणाचा? पाणी आठ जणांचं अन् जमीन एकाची?"

"त्याले शेजपाळीत, म्हणजे पाणी घ्यायच्या ठरल्या क्रमात, दर पाळीला एक तास जादा लिहून द्या."

"तो तास कोणाच्या वाट्यातून कापतं, ते सांग आधी."

गजूनं दुसरी प्लेट मागवली.