डबलसीट, नेब्रास्का

माझ्या हेल्मेटच्या काचेवर, नेमका उजव्या डोळ्यासमोर, एक ओरखडा आहे. अर्ध्या बोटाएवढा. दिवसा तो दिसत नाही. सूर्य समोर आला की, म्हणजे पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला रोज संध्याकाळी, तो झगमगायला लागतो. हा ओरखडा मला एका सज्जन गृहस्थांनी न मागता भेट दिलेला आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना ‘थँक यू’ म्हटलेलं आहे. ओरखड्यापेक्षा त्या थँक यूचाच मला जास्त राग येतो.

प्रवास थोडक्यात असा: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाहून निघून ग्रँड आयलंडपर्यंत आय-80 या महामार्गाचा कंटाळा सोसायचा, तिथून हायवे 2 धरून सँडहिल्समधून अलायन्स गाठायचं आणि मग उत्तरेला साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सकडे वळायचं. गाडी अकराशे सीसीची, माझी. चालवते मी. नवरा मागे. त्याच्याकडे मोटरसायकलचं लायसन्स नाही आणि ते काढायची हौसही नाही. मागे बसून ढग बघायला मिळतात, एवढं त्याला पुरतं. या व्यवस्थेबद्दल आमच्या घरात कुणाची तक्रार नाही. पेट्रोल पंपांवर मात्र असते.

पंपावर नवरा हँडल धरून का उभा असतो, हे आधी सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, टाकीतलं पेट्रोलही कलतं, नोझल वेळेआधी कट होतं आणि लिटरभराची जागा रिकामी राहते. पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्याचं यामुळे काही अडत नाही. सँडहिल्समध्ये अडतं. माझ्या टाकीत 19 लिटर मावतात. वारा पडलेला असेल तर लिटरला 20 किलोमीटर, म्हणजे 380 किलोमीटरची निश्चिंती. पण या मैदानांवर वारा पडत नाही. समोरून वारा, दोन्ही बाजूंना पॅनियर म्हणजे सामानाच्या पेट्या, मागे टॉप बॉक्स आणि त्याच्यापुढे ताठ बसलेला सहा फुटी नवरा, असा सगळा संसार घेऊन निघालं की तेच ॲव्हरेज 15 वर येतं. 285 किलोमीटर. त्यात पुढचा पंप कधी शंभर किलोमीटरवर, आणि तो चालू असेलच याची खात्री नाही. म्हणून इथला नियम असा की टाकी अर्धी झाली की भरायची आणि भरायची ती काठोकाठ. त्यासाठी गाडी सरळ उभी हवी. म्हणून नवरा हँडल धरून उभा राहतो, लग्नात नवरदेवाचं घोडं सांभाळणाऱ्या माणसासारखा, आणि मी पाइप धरते.

बघणाऱ्याला काय दिसतं? पुरुषाच्या हातात हँडल, बाईच्या हातात पाइप. खटला तिथेच निकाली निघतो.

ब्रोकन बो नावाच्या गावाच्या पुढच्या एका गावात हे गृहस्थ पिकपमधून उतरले. सत्तरीचे, बियाण्याच्या कंपनीची टोपी, गाडीत एक कुत्रा आणि हाताशी भरपूर वेळ. आपण त्यांना काका म्हणू.

“किती सीसीची?” काकांनी नवऱ्याला विचारलं.

“अकराशे,” मी म्हटलं.

“अकराशे,” नवरा म्हणाला.

“अकराशे! वा!” काका नवऱ्याला म्हणाले.

मग ॲव्हरेज. इथे माझ्या नवऱ्याने थोडा विचार करून, जबाबदार चेहऱ्याने “वीस” असं उत्तर दिलं. त्याच्या डोक्यात किलोमीटर आणि लिटर. काकांच्या डोक्यात मैल आणि गॅलन. काकांचा चेहरा पडला. “वीस? माझा पिकप वीस देतो! अरे, तुझ्या इंजिनात काहीतरी बिघाड आहे.” ते वाकून इंजिनाकडे बघायला लागले. नवराही वाकला. मी वरून सांगितलं की लिटरला वीस म्हणजे गॅलनला सत्तेचाळीस मैल, बिघाड काही नाही. काका सरळ झाले, माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, “आकडे चांगले पाठ आहेत हिचे.”

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी 87 ऑक्टेनच्या पेट्रोलचं बटण दाबायच्या बेतात आहे हे त्यांनी पाहिलं. “तिला सांग, 88 घे. स्वस्त आहे. आमच्या मक्याचं आहे.”

ही गोष्ट अमेरिकेत मोटरसायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावी, मागे कोण बसलंय याचा विचार न करता. हे 88 म्हणजे 15 टक्के इथेनॉल, मक्यापासून काढलेलं अल्कोहोल, मिसळलेलं पेट्रोल. ऑक्टेन एकाने जास्त, भाव गॅलनमागे काही सेंट कमी, मोह होतोच. पण 2001 पासूनच्या मोटारींना त्याला परवानगी आहे. मोटरसायकलींना, बोटींना आणि गवत कापायच्या मशिनांना नाही. पंपावर नारिंगी-निळ्या लेबलवर तसं छापलेलं असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवेच्या मानाने मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील त्याच्यापुढे टिकत नाहीत. 10 टक्क्यांपर्यंत ठीक. (तिकडे भारतात 20 टक्के वाट्याला आलेल्यांनी यावर हसू नये किंवा हवं तर रडावं.) आणखी एक गोम म्हणजे पाइप. बऱ्याच पंपांवर 87, 88, 91 सगळ्यांना एकच पाइप असतो, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचं जवळपास लिटरभर पेट्रोल त्यात उरलेलं असतं. टाकी 15 लिटर भरताना ते पचून जातं. दोन-तीन लिटरच घेतलंत तर तिसरा हिस्सा दुसऱ्याचा. 2012 च्या सुमारास इथल्या पर्यावरण खात्याने यावर उपाय काढला, अशा पंपावर किमान चार गॅलन घ्या म्हणून. चार गॅलन म्हणजे 15 लिटर. कित्येक मोटरसायकलींची अख्खी टाकी तेवढी नसते, त्यामुळे त्या नियमावर बराच गहजब झाला. आणि हो, इथलं 87 बघून घाबरू नका. इथे ऑक्टेन मोजायची रीतच वेगळी आहे, आपल्याकडच्या मापाने ते साधारण 91 भरतं.

यातलं शक्य तेवढं मी काकांना सांगितलं. लेबलही दाखवलं. काकांनी ते वाचलं, टोपी मागे सरकवली आणि नवऱ्याला विचारलं, “ही नेहमीच एवढी काळजी करते का?”

“हो,” नवरा म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता, विचारा त्याला. मी विचारलं नंतर.

मग आली मेव्हण्याची गोष्ट. मोटरसायकलवरच्या माणसाला बघितलं की जगातल्या प्रत्येकाला मोटरसायकलवर मोडलेला आपला एक नातेवाईक आठवतो. मोटार घेऊन निघालेल्याला कुणी थांबवून सांगत नाही की माझा आतेभाऊ मोटारीत गेला. काकांच्या मेव्हण्याला संध्याकाळच्या वेळी हरीण आडवं आलं होतं. खुबा, दोन बरगड्या, डावं मनगट. प्रत्येक हाडाचं नाव सांगताना काका स्वतःच्या त्या त्या जागेवर थाप मारून दाखवत होते. “आणि हरीण?” नवऱ्याने विचारलं. “हरीण उठून चालायला लागलं,” काका म्हणाले, आणि दोघे बराच वेळ त्या हरणाच्या नशिबावर बोलले. माझी टाकी केव्हाच भरली होती.

हेल्मेटचाही विषय निघाला. 1 जानेवारी 2024 पासून नेब्रास्कात 21 वर्षांवरच्या माणसाने सुरक्षेचा कोर्स केलेला असेल तर हेल्मेट घालायची सक्ती राहिलेली नाही. काकांनी ही आनंदाची बातमी नवऱ्याला दिली. कोर्सचं सर्टिफिकेट माझ्या पाकिटात होतं, आणि दोन्ही हेल्मेटं सीटवर.

तिथेच ते घडलं. या मैदानांत काचेवर नाकतोडे, फुलपाखरं आणि नाव नसलेलं बरंच काही आदळून वाळतं. ते घासायचं नसतं. काच पॉलिकार्बोनेटची असते, मऊ. त्यावर साध्या पाण्यात भिजवलेला पेपर नॅपकिन पसरायचा, पाचेक मिनिटं राहू द्यायचा, मग सगळं आपोआप सुटून येतं. माझा नॅपकिन पसरून झालेला होता. काकांना तो कचरा वाटला. त्यांनी तो दोन बोटांत उचलून डब्यात टाकला, पंपावरच्या बादलीतला मोटारींच्या काचा पुसायचा स्पंजवाला दांडा घेतला आणि मनापासून, जोर लावून माझी काच घासली. त्या स्पंजात दिवसभराच्या पिकपांचा चिखल, वाळू आणि शंभर नाकतोड्यांचे पाय असतात. मी “अहो, अहो” करेपर्यंत काका दुसऱ्या बाजूने रबराची पट्टी फिरवत होते. “झालं,” ते म्हणाले, हेल्मेट माझ्या हातात दिलं, आणि मग नवऱ्याला, “आता हिला मागून नीट दिसेल.”

थँक यू.

नवी काच साठ-सत्तर डॉलरची. शिवाय आपल्या हेल्मेटची नेमकी काच सँडहिल्समध्ये कुठल्याही दुकानात मिळत नाही, तिथे दुकानच नसतं.

पुढचे कित्येक मैल मी इंटरकॉमवर बोलत होते आणि नवरा “हं” म्हणत होता. बोलायला हायवे 2 उत्तम आहे: एका बाजूला शंभराहून जास्त डब्यांच्या कोळशाच्या मालगाड्या, सगळीकडे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. वारा डावीकडून, म्हणजे दक्षिणेकडून, सतत. सरळ रस्त्यावर गाडी तिरकी धरूनच चालवावी लागते, तासन् तास. हँडल घट्ट धरलं की प्रत्येक झोत दंडांतून थेट पुढच्या चाकात उतरतो. म्हणून गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल सोडायचे. समोरून गुरांचा ट्रक आला तर क्षणभर वारा अडतो, तिरकी गाडी ट्रककडे ओढली जाते, आणि ट्रक गेला की झोत परत थप्पड मारतो. म्हणून आधीच लेनच्या उजव्या अंगाला सरकायचं. मागच्याने यात एकच काम करायचं: काही करायचं नाही. घाबरून उलटीकडे झुकला की चालवणाऱ्याचं काम दुप्पट. माझा नवरा या बाबतीत आदर्श आहे. काही न करणं त्याला उत्तम जमतं. गाडी लावतानाही वारा उजवीकडून येईल अशी लावायची, म्हणजे ती साइड स्टँडवर दाबली जाते. डावीकडून येणारा वारा तिला स्टँडवरून उचलून उजवीकडे आडवी करू शकतो.

1915 साली एफी हॉचकिस नावाची मुलगी ब्रुकलिनहून सॅन फ्रान्सिस्कोला हार्ली घेऊन गेली, साइडकारमध्ये आईला, एव्हिसला, बसवून. पुढच्याच वर्षी ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी ‘इंडियन’ नावाच्या कंपनीच्या दोन मोटरसायकलींवरून हाच देश ओलांडून गेल्या. वाटेतल्या गावांत पोलिसांनी त्यांना पकडलं. वेगासाठी नाही, पुरुषी कपडे घातले म्हणून. मला कुणी पकडत नाही. माझ्या अंगावर तेच जॅकेट, तीच पँट, गुडघ्याला तेच गार्ड असतात. फक्त प्रश्न माझ्या डोक्यावरून मागे जातात. हे सुधारलंय असं म्हणायचं असेल तर म्हणावं. काका वाईट नव्हते, हे मला कळतं. वाईट असते तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

मागचं टायर मात्र सरळ रस्त्यांनी खाल्लं. मैदानातून, दोघांच्या वजनाने, गोल टायर मधोमध घासून सपाट होतं. हवा कमी असली तर लवकरच. (डबलसीटला माझ्या मागच्या चाकात 41 पीएसआय, सकाळी टायर थंड असताना मोजून. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताणही, वाढवावा लागतो, नाहीतर मागची बाजू बसते आणि हेडलाइट आकाशात.) मैदानात हे कळत नाही. ब्लॅक हिल्समधल्या आयर्न माउंटन रोडला 17 मैलांत 314 वळणं आहेत, तिथे कळतं: गाडी झुकताना सपाट भागाच्या कडेवर अडते आणि मग एकदम पडल्यासारखी कलते. म्हणून आधी रॅपिड सिटीत एका दुकानात टायर बदलायला टाकलं. साइज 150/70-18, मी सांगितली. काय होतंय, मी सांगितलं. कागदावर सही माझी, फोन नंबर माझा.

संध्याकाळी दुकानातून फोन आला. “तुमच्या मिस्टरांची गाडी तयार आहे,” पलीकडचा पोरगा म्हणाला. “त्यांना सांगा, नवीन टायर गुळगुळीत असतं, पहिले शंभर मैल जरा जपून.”

मी निरोप दिला. मिस्टर मोटेलच्या पलंगावर चिवडा खात पडले होते.

“बरं,” तो म्हणाला, “जपून बसेन.”