चारशे वर्षांचं चर्च नवंकोरं कसं करावं?

अभिनंदन! धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, जीर्णोद्धार समितीवर तुमची निवड झाली. आता चर्च वसईतलं असो, मुंबईच्या एखाद्या गावठाणातलं असो की गोव्यातलं, पुढचा सण यायच्या आत ते ओळखू येणार नाही असं करून दाखवणं ही तुमची जबाबदारी. पोर्तुगीज आले नि गेले, मराठे आले, इंग्रज आले, प्लेगच्या साथी आल्या, चारशे पावसाळे कोसळले. तरी आतलं सामान जागच्या जागी राहिलं. त्या सगळ्यांना जमलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत करायचंय. जमेल. आधीच्या समित्यांना जमलेलं आहे.

पहिली खबरदारी ही, की जुन्या लाकडाचं, रंगांचं काम जाणणारा माणूस चुकूनही बोलवायचा नाही. हे लोक आले की टपाल तिकिटाएवढी जागा खरवडतात, भिंगातून बघतात, मान हलवतात आणि ‘खाली अजून तीन थर आहेत’ म्हणतात. असल्या माणसाच्या तोंडून ‘सणापर्यंत होईल’ हे वाक्य कधी निघत नाही. त्यापेक्षा शेजारच्या गावचं चर्च ज्याने चकाचक केलं तो ठेकेदार बरा. तो रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनाविधीनंतर, येतो, मधल्या वाटेत उभा राहून एकदा वर बघतो, एकदा खाली बघतो आणि आकडा सांगतो.

सुरुवात मुख्य वेदीपासून करा. वेदीमागे छतापर्यंत चढलेला सागवानी डोलारा आहे ना, पिळाच्या खांबांचा, खांबांवर द्राक्षवेली चढलेल्या, कोनाड्यांतून संत आणि कोपऱ्यांतून गुबगुबीत गालांचे देवदूत डोकावणारे? तो उठून दिसत नाही, ही सगळ्यांची तक्रार असते. दिसणार कसा? तो घडवणाऱ्यांनी फार वेळकाढू पद्धत वापरली होती. आधी लाकडावर सरस आणि पांढऱ्या भुकटीचे थर, प्रत्येक थर घासून गुळगुळीत. त्यावर तांबूस मातीचा हात. त्यावर फुंकर मारली तर उडेल असा सोन्याचा वर्ख. मग अकीकाच्या दगडाने घोटत बसायचं. जवळ जाऊन बघा, खांबाच्या उंचवट्यांवर वर्ख झिजून खालची तांबूस माती डोकावते. मेणबत्तीच्या उजेडात त्यामुळे सोन्याला एक ऊब येते म्हणतात. ट्यूबलाइटमध्ये ती ऊब कुठे दिसते! तेव्हा बाजारातून सोनेरी ऑइलपेंटचे डबे आणा आणि वरपासून खालपर्यंत दोन हात मारून घ्या. डब्यातलं सोनं म्हणजे पितळेसारख्या धातूची पूड. कोकणच्या दमट हवेत ती काही वर्षांत काळपट हिरवी पडते. पण तोवर तुमच्या समितीची मुदत संपलेली असते, आणि पुढच्या समितीलाही काही काम नको का?

संतांच्या चेहऱ्यांनाही हात लावायला विसरू नका. जुन्या कारागिरांनी गालावर, पापणीखाली, गळ्याच्या घडीत रंगाच्या इतक्या पातळ छटा दिल्या, की लांबून चेहरा जिवंत वाटावा. त्यावर गुलाबी एनॅमल, लालभडक ओठ आणि काळ्याभोर कोरीव भुवया. काम झालं की संत पेद्रूपासून संत अन्नापर्यंत सगळे एकाच ब्यूटी पार्लरमधून लग्नाला निघाल्यासारखे दिसतील. देणगीदारांना हे फार आवडतं.

कोणी कुरकुर केलीच, तर एक रामबाण शब्द आहे: वाळवी. एका पायाच्या मागे एक भोक दाखवलं तरी पुरतं. औषध मारता येतं, सडलेला तुकडा काढून तेवढाच नवा जोडता येतो वगैरे कोणी म्हणालं, तर ‘मुलाबाळांच्या डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण?’ असं विचारा. सभा तिथेच संपते.

आता प्रवचनाचा लाकडी मंच, म्हणजे पुल्पित. मायक्रोफोन आल्यापासून त्यावर कोणी चढत नाही. शिवाय गोव्यातल्या काही पुल्पितांच्या बुडाशी कमरेवर बाई आणि कमरेखाली सरपटणारं शेपूट अशा नागिणी कोरलेल्या असतात. चर्चमध्ये नागीण? यामागे म्हणे इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदू कारागिरांना चर्चच्या मूर्ती आणि पूजेचं साहित्य घडवायला बंदी केली, आणि ती बंदी पुन्हा पुन्हा जाहीर करावी लागली. म्हणजे ती किती पाळली गेली ते समजून घ्या. चांगला सुतार, सोनार दुसरा आणणार कुठून? मग तो सुतार संतांच्या पायाशी आपल्या गावची नागीण बसवून गेला, आणि वर उभे राहून पाद्री नरकाची वर्णनं करत राहिले. एवढा गुंता पर्यटकांना समजावत बसण्यापेक्षा पुल्पित काढून टाकणं सोपं. रिकाम्या झालेल्या खांबावर स्पीकर छान बसतो.

जमिनीकडे या. मधल्या वाटेवर काळपट दगडी लाद्या आहेत. त्यांवर घराण्याची चिन्हं आणि ‘अमक्याची व त्याच्या वारसांची कबर’ अशा अर्थाचे पोर्तुगीज लेख. एकेकाळी पैसेवाल्यांना चर्चच्या आत पुरत, आणि नाव कुठे कोरत? पायाखाली, येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवावं म्हणून! देणगीदाराचं नाव कुठे लावायचं याची त्या काळच्या लोकांना काही समज नव्हती. या लाद्यांवर आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स टाका आणि तुमच्या देणगीदारांची नावं भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत बसवा. पंखा दिला त्याचं नाव पंख्यावर घाला, बाक दिला त्याचं बाकावर. मिस्सा चालू असताना नजर भरकटली, तर निदान काहीतरी वाचून होतं.

शिंपल्यांची तावदानं असलेल्या खिडक्या राहिल्या असतील, तर तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या घ्या. शिंपल्यातून येणारा उजेड दुधाळ असतो, त्यात फोटो नीट येत नाहीत.

भिंतींना सिमेंट. जांभ्याच्या आणि चुन्याच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटने कोंडलं की ओल आतच राहते, क्षार बाहेर येऊन गिलाव्याला पोपडे धरतात. म्हणजे दर दोनतीन वर्षांनी रंगकाम आलं आणि समितीत चैतन्य राहिलं. उलट्या बाजूनेही जाता येतं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने काढून टाकला, दगड उघडा जास्त प्राचीन दिसतो म्हणून. तेव्हापासून तो जांभा पावसाळाभर पाणी पितोय आणि झिजतोय. दिसतो मात्र खरंच प्राचीन, आणि आता तर दरवर्षी थोडा अधिक.

उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा, ख्रिस्त हे अवघड प्रकरण आहे. माणसाच्या मापाची लाकडी मूर्ती, आणि खांद्यांत सांधे. क्रुसावर हात पसरलेले, खाली उतरवली की तेच हात अंगालगत मिटतात, मग ती शवपेटीत ठेवून मिरवणूक निघते. म्हाताऱ्या बायका त्या मिटलेल्या हातांचं चुंबन घ्यायला रांग लावतात. सांध्यावरचं आवरण फाटलंय, बोटांचे पेर चुंबनांनी पार झिजलेत. फायबरची नवी मूर्ती घ्या. हलकी असते, धुताही येते. फक्त मागवताना हात हलतात का ते विचारून घ्या, नाहीतर क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त हात पसरूनच पेटीत ठेवावा लागेल आणि झाकण बसणार नाही.

एखादा वाचणारा तरुण सभेत उठून नियम काढेल, तयारी ठेवा. चर्चच्या १९८३च्या कायद्याचं कलम ११८९ म्हणतं, की जुन्या, कलापूर्ण किंवा भाविकांच्या श्रद्धेच्या मौल्यवान प्रतिमा दुरुस्त करायच्या तर बिशपांची लेखी परवानगी हवी, आणि त्यांनीही आधी जाणकारांना विचारायला हवं. कलम १२८३ मौल्यवान वस्तूंची नीट यादी मागतं. याद्यांच्या भानगडीत अजिबात पडू नका. यादी नसली की काही हरवतही नाही. ‘व्हॅटिकन परिषदेनेच जुनं काढायला सांगितलंय’ हे उत्तर आजवर सगळीकडे चाललंय. परिषदेनंतर फादर भाविकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले, त्यासाठी पुढे एक सुटी वेदी लागली, हे खरं. मागची उखडून भंगारात घाला असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट याच परिषदेचा १९६३चा उपासनेवरचा दस्तऐवज पवित्र साहित्य आणि मोलाच्या कलाकृती विकल्या किंवा विखुरल्या जाऊ नयेत म्हणून बिशपांना बजावतो आणि त्यांना देवाच्या घराचे अलंकार म्हणतो. पण तो वाचलाय कोणी?

घंटांचं मी मुद्दाम सांगत नाही, कारण वसईतल्या बऱ्याच घंटा १७३९ सालीच चिमाजी अप्पांच्या फौजेने नेल्या. त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरिया अजून स्पष्ट दिसते. दुसरी नाशकात गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर, १७२१ची. शत्रूने लुटून नेलेलं ओतीव काम धड आणि घरात राहिलेलं लाकूडकाम भंगारात, असा हिशेब कोणी मांडायला लागला तर विषय बदला.

निघालेल्या सामानाचं काय करायचं? साक्रिस्तीमागे, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीमागे, पावसात ठेवा, ते आपोआप जळाऊ होतं. तुकड्यातुकड्याने विचारणारे गोड बोलणारे लोकही येतील. त्यांना पावती देऊ नका. तुमच्या देवदूताचा पंख पुढे कुठल्या हॉटेलच्या स्वागतकक्षात दिसला, तर ओळख दाखवू नका.

आणि सण थाटात पार पडला की धर्मग्रामाची एक सहल काढा. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झालं आणि २००२मध्ये इथे आलं. हस्तिदंती बाळ येशू, चांदीची भांडी, रंगवलेल्या लाकडी मूर्ती, सगळं काचेआड, मंद उजेडात. समितीच्या सगळ्या सदस्यांनी तिकीट काढून आत जावं, काचेला नाक लावावं आणि ‘काय काम होतं हो पूर्वीचं!’ म्हणावं. फोटो काढता येतो का, ते मात्र दारात विचारून घ्या. तिथले लोक जुन्या वस्तूंच्या बाबतीत फार कडक आहेत.