बार्गोडच्या खाणकामगारांचा उल्लेख हवा होता
मुलांच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांवरचा तुमचा लेख आवडला. बुगाटीने १९२७च्या सुमारास मुलांसाठी काढलेल्या विजेवर चालणाऱ्या 'बेबी' या छोट्या गाडीबद्दल छान लिहिलंय. पण ऑस्टिन या ब्रिटिश मोटार कंपनीच्या, मुलांनी पायांनी पेडल मारून चालवायच्या गाड्या एका ओळीत आटोपल्या, याचं वाईट वाटलं. माझा जीव खरं तर त्यांच्यावरच आहे.

ऑस्टिनने १९४९ साली ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या बार्गोड गावी या पेडल गाड्यांसाठी खास कारखाना काढला. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेल्या, पुन्हा खाणीत उतरू न शकणाऱ्या कामगारांना तिथे काम मिळालं. त्यांच्या हातून आधी 'पाथफाइंडर' ही रेसकारसारखी पेडल गाडी तयार झाली, १९३०च्या दशकातल्या ऑस्टिन सेव्हन रेसरच्या धर्तीवर. मग आली जे४० ही दुसरी पेडल गाडी. ही १९७१पर्यंत बनत होती, एकूण ३२ हजारांच्या वर. खरे हवेचे टायर, पेटणारे दिवे, वाजणारा हॉर्न, उघडणारं बॉनेट! पत्रासुद्धा मोठ्या गाड्यांच्या कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांचा.

संग्राहकांना एकच कळकळीची विनंती. मूळ रंग थोडाफार जरी शिल्लक असेल तर तो खरवडून नवा चकचकीत रंग देऊ नका. त्या आजारी माणसांच्या हातचं काम त्यातच दिसतं. सुटे भाग आज नव्याने बनवून मिळतात, तेव्हा गाडी चालती ठेवणं अवघड नाही. इंग्लंडमध्ये गुडवुड रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या महोत्सवात २०१२पासून मुलं याच जे४०ची शर्यत लावतात, धावत येऊन गाडीत बसतात आणि जीव खाऊन पेडल मारतात. पुढच्या भागात त्यावर जरूर लिहा.