आठ तास फोर्डने दिले?

१ मे जवळ आला की अमेरिकन मोटार कारखानदार हेन्री फोर्डच्या फोटोखाली तोच मजकूर फिरू लागतो: 'आठ तासांचा दिवस आणि शनिवार-रविवारची सुटी युनियनमुळे मिळाली नाही. फोर्डने १९१४ साली मोठ्या मनाने पगार दुप्पट केला, तास कमी केले, कामगार सुखी झाला.' यातलं साल खरं आहे, म्हणून बाकीचंही लोकांना खरं वाटतं.

आधी ते मोठं मन. १९१३ साली डेट्रॉईटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात असेंब्ली लाइन आली आणि दिवसभर तेच ते काम करून माणसं वैतागून सोडून जाऊ लागली. सुमारे १४,००० कामगार टिकवायला त्या एका वर्षात ५२,००० हून अधिक भरती करावी लागली. दर वेळी नव्या माणसाला शिकवायचं, तोवर काम अडायचं. पाच डॉलर रोज हा त्यावरचा उपाय होता. नऊ तासांच्या दोन पाळ्यांच्या जागी आठ तासांच्या तीन पाळ्या बसल्या, कारखाना चोवीस तास चालू लागला.

शिवाय पाच डॉलर सगळा पगार नव्हता. निम्म्याहून जास्त रक्कम 'नफ्यातला वाटा' होती आणि ती मिळण्यासाठी कंपनीचे तपासनीस घरी येत. दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतो का, हे बघून वाटा ठरायचा. पगारासाठी कामगाराला घराचं दार उघडावं लागत होतं, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

आता आठ तास. ही मागणी नॅशनल लेबर युनियनने १८६६ साली केली, तेव्हा फोर्ड तीन वर्षांचा होता. १ मे १८८६ला तिच्यासाठी देशभर लाखो कामगार संपावर गेले. ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, संशयास्पद खटल्यानंतर १८८७ साली चौघा कामगार चळवळ्यांना फाशी झाली. पुढे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी तो खटला अन्याय्य ठरवून तुरुंगातल्या तिघांना सोडलं. कोळसा खाणींतल्या युनियनने १८९८ साली अनेक राज्यांत आठ तास मिळवलेही. फोर्डने १९२६ साली पाच दिवसांचा आठवडा केला, हे खरं. पण चाळीस तासांच्या आठवड्याला देशभर कायद्याचा आधार मिळाला तो १९३८च्या कायद्याने.

आणि 'सुखी कामगार'? ७ मार्च १९३२ला फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याकडे निघालेल्या बेकारांच्या मोर्चावर पोलीस आणि कंपनीच्या रक्षकांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले, पाचवा जखमांनी नंतर गेला. २६ मे १९३७ला याच कारखान्याच्या पुलावर पत्रकं वाटायला गेलेल्या मोटार कामगार युनियनच्या वॉल्टर रूथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फोर्डचा सुरक्षाप्रमुख हॅरी बेनेटच्या माणसांनी छायाचित्रकारांसमोर मारहाण केली. तोवर जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी युनियनला मान्यता दिली होती. फोर्डने ती दिली १९४१ साली, रिव्हर रूजच्या कामगारांनी संप करून कारखाना बंद पाडल्यावर.