वाटीभर माती

शर्ट पांढरा होता, हे मला मान्य आहे. पांढऱ्या शर्टात ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ वाटीतल्या ऑइलात अडवणाऱ्या नळकांड्याला, हात लावू नये, हे मला कालपासून चार जणांनी सांगितलंय. मी काही ऑइल बदलायला बसलो नव्हतो. नुसतं बघणार होतो. क्लिप उघडायची, वाटी खाली घ्यायची, डोकावायचं, परत लावायची. दर 8 ते 10 तासांच्या कामानंतर एवढं करावं, असं ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तकातल्या चित्रात एक माणूस हेच काम करतोय. त्याच्या शर्टाला इस्त्री आहे.

क्लिप हलेना. धूळ आणि ऑइल मिळून ती जागच्या जागी जाम झालेली. पान्ह्यानं एक टोला दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला वाटी सुटली ती सरळ छातीवर. ऑइल पातळ असतं तर भसकन सांडून मोकळं झालं असतं. हे दाट झालेलं, सावकाश, वाट बघत बघत खाली उतरलं.

आणि समोर नाना उभे.

शेजारचे नाना. गेल्या आठवड्यात रोटाव्हेटर मारायला दोन दिवस ट्रॅक्टर त्यांच्याकडेच होता. परत देताना त्यांनी टाकी भरून दिली. ती टाकी त्यांनी त्यानंतर भेटेल त्याला सांगितली आहे.

“सांडलं का?” नानांनी विचारलं.

“नाही, लावून घेतलंय.”

“ऑइलचा डाग जात न्हाई,” असं म्हणून त्यांनी आपला शर्ट जरा मागे सरकवला. तोही पांढराच होता, आणि शेवटपर्यंत पांढराच राहिला. हे मला अजून खुपतंय.

वाटीच्या तळाशी बोटभर गाळ होता. अर्धा इंच साचला तरी ऑइल बदलायला झालं म्हणतात. इथं तर रोप लागलं असतं. मी वाटी त्यांच्यापुढे धरली. “नाना, हे बघा तुमचं शेत.”

नानांनी बोट बुडवलं. दोन बोटांत माती चोळली, उन्हात धरून पाहिली, वास घेतला.

“ही आमची माती न्हाई.”

“कशावरून?”

“आमची काळी हाय.”

“अहो, ऑइलात बुडाल्यावर सगळीच काळी.”

“आमची चिकट असती.”

“हीसुद्धा चिकटच आहे.”

“ही ऑइलानं चिकाटलीय. आमची मुळात चिकट.” त्यांनी बोट माझ्याच फडक्याला पुसलं. “ही तुझ्या वरच्या तुकड्यातली. तिथली माती खरबरीत हाय.”

“वरच्या तुकड्यात दोन वर्षं ट्रॅक्टर गेलेला नाही.”

“मग तवाचीच हाय.”

इथं मी गप्प बसलो. कारण वाटी शेवटची कधी धुतली, हे मला खरंच आठवेना.

पण म्हणून सगळी माती माझी? एक लिटर डिझेल जळायला साधारण 10,000 लिटर हवा लागते, तीही कमीत कमी. टाकी भरून दिली म्हणजे, धरून चालू, 40 लिटर जाळलं. म्हणजे चार लाख लिटर हवा त्या दोन दिवसांत या नळकांड्यातून गेली, रोटाव्हेटरच्या धुरळ्यासकट. डिझेलचा हिशेब सगळे ठेवतात. हवेचा कोणी विचारत नाही, कारण ती फुकट.

यंत्र तसं झकास आहे. हवा मधल्या नळीतून जोरात खाली येते, ऑइलवर आदळते आणि उलटी वळून वर जाते. धूळ जड, तिला असं झटकन वळता येत नाही; ती ऑइलात पडते. त्यातूनही निसटलेली वरच्या ओल्या जाळीला चिकटते. ना कागदाचा फिल्टर, ना तो सारखा विकत आणणं. एवढं डोकं लावणाऱ्यानं ती वाटी जरा बाजूला, माणसाचा हात जाईल अशी का नाही बसवली, हे मात्र कळत नाही.

जाळी धुवायला मी घमेल्यात डिझेल ओतलं.

“बघ,” नाना म्हणाले, “टाकी भरून दिली म्हणून आज सापडलं.”

मी जाळी आपटत राहिलो. ती निथळेपर्यंत नव्या ऑइलचा डबा उघडला, तर नानांनी हात आडवा घातला. “नवं कशाला? जळकं घाल. धूळच तर अडवायची. आमच्या वडलांनी जल्मभर जळकंच घातलं.”

“मग कुठाय तो ट्रॅक्टर?”

“इकला.”

“का?”

“ऑइल प्यायला लागला व्हता.”

आत गेलेली धूळ सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा खाते, आणि मग इंजिन ऑइल पितं, हे मी समजावून सांगणार होतो. पण नाना तोवर डबा उचलून वाटीत ओतू लागले होते. वाटीत खूण असते, तिच्या वर ऑइल गेलं की इंजिन ते ओढून घेतं. आणि डिझेल इंजिनाला ऑइलची चटक लागली की ते भरधाव सुटतं, स्टॉपचा खटका ओढला तरी ऐकत नाही. मी ओरडलो. नाना म्हणाले, “थोडं जास्तच बरं, उडून जातं.” जास्तीचं मी घमेल्यात ओतलं. काही चपलेत गेलं.

मग वाटीचा रबरी वायसर सापडेना. त्याच्याशिवाय वाटी लावली तर हवा फटीतून कोरडीच आत जाणार, सगळी धुणीभांडी वाया. मी गुडघ्यांवर बसून शोधलं, चाकाखाली शोधलं, गवत चाचपलं. नानाही शोधत होते. म्हणजे मागे हात बांधून फेऱ्या मारत होते. “मागल्या बारीला लावलाच नसशील,” असंही म्हणून झालं. पाऊण तासानं त्यांनी पाय उचलला तर वायसर त्यांच्या चपलेच्या टाचेला चिकटलेला.

“बरं झालं मी हुतो,” ते म्हणाले.

ट्रॅक्टर सुरू केला. सायलेन्सरचा काळा धूर कमी झाला होता, आवाज मोकळा झाला होता. नानांनी कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली, जणू त्यांनीच बांधला होता.

“उद्या घिऊन जाऊ का? खालचं जरा राहिलंय. टाकी भरून देतो.”

“न्या,” मी म्हटलं. नाही म्हणायची सवय मला नाही, आणि हे गावभर सगळ्यांना माहीत आहे. “फक्त संध्याकाळी ती वाटी उघडून बघा.”

नानांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

“ह्या कापडांवर?”