सहा नंबरचं तेल गेलं आणि न्यूयॉर्कची हवा सुधारली

लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणा, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. अशा निर्णयांवर वाद सुरू झाला की एक दावा हमखास पुढे पाठवला जातो. तो थोडक्यात असा: ‘इंधन बदलणं हा नुसता देखावा. न्यूयॉर्कने इमारतींच्या बॉयलरचं जड तेल बदलून हलकं तेल किंवा गॅस आणला, पण शहराची हवा बिघडते गाड्यांमुळे, त्यामुळे काडीचा फरक पडला नाही. गॅस हेही जीवाश्म इंधनच. आणि खर्च शेवटी भाडेकरूंच्या माथी.’ हा दावा लोकांच्या आरोग्याच्या आड येतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर ते मे या काळात घर उबदार ठेवणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तळघरात बॉयलर असतो. तिथली वाफ किंवा गरम पाणी मजल्यामजल्यावरच्या रेडिएटरमध्ये जातं. जुन्या मोठ्या इमारतींत या बॉयलरला सहा नंबरचं तेल लागायचं. कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर उरणारा हा गाळ, आपल्याकडच्या फर्नेस ऑइलच्या जातीचा. थंडीत तो इतका घट्ट होतो की आधी तापवल्याशिवाय बर्नरपर्यंत पोचत नाही. यातच हलकं दोन नंबरचं तेल मिसळलं की चार नंबरचं होतं.

आता गाड्यांचा मुद्दा. चार आणि सहा नंबरचं तेल जाळणाऱ्या इमारती होत्या सुमारे १०,०००, म्हणजे शहरातल्या एकूण इमारतींपैकी जेमतेम एक टक्का. तरीही त्यांची काजळी शहरातल्या सगळ्या मोटारी आणि ट्रक मिळून निघणाऱ्या काजळीपेक्षा जास्त होती, हा शहर प्रशासनाचाच हिशेब. २००८ च्या हिवाळ्यापासून रस्त्यावरच्या खांबांवर यंत्रं लावून गल्लोगल्लीची हवा मोजली गेली. सल्फर डायऑक्साइड आणि निकेल जास्त सापडलं ते असे बॉयलर दाटीने असलेल्या भागांत. अप्पर ईस्ट साइडसारखी श्रीमंत वस्तीही त्यात होती. निकेल हा या जड तेलाचा ठसाच. आणि गंधकाचं म्हणाल, तर अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमध्ये २००६ पासून दहा लाखांत १५ भागांची मर्यादा आली, तर सहा नंबरच्या तेलात ३,००० भागांपर्यंत मुभा होती. दोनशे पट! हे पाप गाड्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

‘फरक पडला नाही’ हे तर मोजमापाशी उघड विसंगत आहे. शहराच्या २०११ च्या नियमाने सहा नंबरचं तेल बंद करायला २०१५ पर्यंतची मुदत दिली. २०१२ मध्ये राज्याने दोन नंबरच्या तेलातलं गंधकही १५ भागांवर आणलं. २०१३ मध्ये शहराने जाहीर केलं, की हिवाळ्यातला सल्फर डायऑक्साइड २००८ च्या तुलनेत ६९ टक्क्यांनी घटला आहे. हवा सुधारल्यामुळे दर वर्षी सुमारे ८०० मृत्यू टळतात, असा अंदाजही तेव्हा दिला गेला. हवेतले धुराचे सूक्ष्म कणही घटले; ती सगळी घट बॉयलरमुळे झाली, असं मी म्हणणार नाही. वाऱ्याच्या दिशेने येणारा दूरच्या वीजकेंद्रांचा धूरही त्या काळात कमी झाला. पण दूरचा धूर सगळ्या शहरावर कमी-अधिक सारखाच पसरतो. इथे मात्र जिथे जास्त बॉयलर बदलले, तिथे हवा जास्त सुधारली.

गॅस जीवाश्म इंधन आहे, हे खरंच आहे. तेवढीच उष्णता देताना तो तेलापेक्षा साधारण पावपट कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि गळालेला मिथेन ते श्रेयही खातो. सहा नंबरवरून दोन नंबरवर येण्यात तर कार्बनची बचत जवळजवळ नाहीच. मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा न्यूयॉर्कने २०१९ मध्ये वेगळा केला, आणि गॅसवर गेलेल्या काहींना पुन्हा बदल करावा लागेल. पण २०११ चा नियम मुख्यतः छातीत जाणाऱ्या धुराविरुद्ध होता. हवामानाचं काम त्याने केलं नाही म्हणून त्याला निरुपयोगी ठरवणं चूक आहे.

खर्चाची तक्रार अर्धी खरी. गॅसच घ्या अशी सक्ती कधीच नव्हती. दोन नंबरचं तेल चालत होतं, आणि बर्‍याचदा बॉयलर तोच ठेवून बर्नर बदलून भागत होतं. जड तेल स्वस्त, पण ते तापवायचा आणि काजळी खरवडायचा खर्च कोणी धरत नाही. तरीही भाडेनियंत्रण असलेल्या इमारतींत मोठ्या दुरुस्तीचा खर्च भाड्यात चढवायची सोय घरमालकाला आहे, त्यामुळे भाडेकरूची धास्ती रास्त आहे. मुंबईतल्या बेकरीवाल्याचीही आहे. नवी भट्टी कोणाच्या पैशाने यायची, गॅसची जोडणी कधी मिळायची, हे त्याने विचारलंच पाहिजे. त्याचं उत्तर अनुदान आणि कर्ज हे आहे. धूर चालू ठेवला तर तोच खर्च दम्याच्या औषधांतून शेजारचे भरतात.

न्यूयॉर्कचं खरं चुकलं ते चार नंबरच्या तेलात. त्याला थेट २०३० पर्यंत मोकळीक मिळाली, आणि मॅनहॅटनचा उत्तर भाग व ब्राँक्स इथल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत ते रेंगाळलं. २०२३ च्या कायद्याने ही मुदत १ जुलै २०२७ वर ओढून आणली.