'लेव्हायथन' या कादंबरीविषयीच्या आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

महोदया,

आमच्या दुकानातून सातवीतल्या मुलासाठी घेतलेली स्कॉट वेस्टरफेल्ड यांची 'लेव्हायथन' (2009) ही कादंबरी म्हणजे इतिहासाच्या नावाखाली विकलेली थाप आहे, मुलगी मुलगा बनून सैन्यात शिरते हे अशक्य आहे, आणि ऑस्ट्रियाच्या युवराजावर विषप्रयोग झाल्याचे प्रकल्पात लिहून मुलाचे गुण गेले, असे आपण नोंदवले आहे. गुण गेल्याची आपली नाराजी समजू शकतो. फसवणुकीचा आरोप मात्र आम्हाला मान्य नाही.

ही कादंबरी आमच्याकडे किशोरांच्या साहसकथांमध्ये ठेवलेली असते, इतिहासाच्या कपाटात नव्हे. दोन पायांवर चालणारी पोलादी युद्धयंत्रे आणि हायड्रोजनवर तरंगणारे देवमाशासारखे जिवंत हवाई जहाज भेटल्यावर हे 1914 साल आपले नव्हे, हे त्या वयाच्या वाचकाला सहसा सांगावे लागत नाही. युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांची हत्या 28 जून 1914 रोजी सारायेव्होमध्ये गोळ्या झाडून झाली. विषप्रयोग ही लेखकाची कल्पना, आणि युवराजांचा मुलगा म्हणून येणारा कथानायक अ‍ॅलेकही त्याचीच. खरे किती आणि रचलेले किती, याची फोड लेखकाने पुस्तकाच्या शेवटी स्वतः केली आहे. प्रकल्पाआधी ती पाने उलटली असती, तर हा प्रसंग बहुधा आला नसता.

आम्ही हे पुस्तक सुचवतो, कारण कल्पनेची सारी मोकळीक यंत्रे आणि प्राणी यांत घेऊनही त्यातील राजकारणाची मुळे खऱ्या इतिहासात आहेत. सोफी राजघराण्याच्या बरोबरीच्या कुळातल्या नसल्यामुळे या विवाहाच्या संततीला गादीचा हक्क राहणार नाही, अशी शपथ युवराजांना 1900 मध्ये खरोखरच घ्यावी लागली होती, आणि अ‍ॅलेकचा सगळा पेच त्यातूनच उभा राहतो. पुढच्या भागातील ऑटोमन (तुर्की) जहाजाच्या प्रकरणामागेही खरी घटना आहे: ब्रिटनमध्ये बांधून घेतलेल्या तुर्कांच्या दोन युद्धनौका ऑगस्ट 1914 मध्ये चर्चिल यांच्या नौदल खात्याने ताब्यात घेतल्या. पुढे ऑटोमन साम्राज्य युद्धात उतरण्यामागे इतर कारणांबरोबर हा रागही होता, आणि त्या आघाडीवर नोव्हेंबरात आजच्या इराकमधील बसऱ्याकडे गेलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्यांतील अनेकांच्या नशिबी 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्याच कुत शहरात तुर्कांपुढची शरणागती आली. शाळेच्या पुस्तकात ही साखळी क्वचितच इतकी जुळून येते.

राहिला वेशांतराचा मुद्दा. डोरोथी लॉरेन्स ही इंग्रज तरुणी 1915 मध्ये पुरुष सैनिकाच्या वेशात फ्रान्समधील आघाडीवर राहिली होती.

वाचून झालेले पुस्तक आम्ही परत घेत नाही. मात्र पहिल्या महायुद्धावरील संदर्भग्रंथ दुकानात आहेत. प्रकल्प पुन्हा लिहायचा असल्यास मुलाला घेऊन या, ते इथेच बसून चाळण्यास आमची हरकत नाही.

आपला,
दुकानमालक